उजेड वाढला की भ्यायचं

मेन स्विच मी स्वतःच्या हातानं खाली पाडला. डोक्यावरचा पंखा फिरायचा थांबला. तरी ती दोघं सुटली नाहीत.

वर्षा, माझी मोठी सून, कॉम्प्युटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. तिचा उजवा हात कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला चिकटला होता आणि मान मागे गेली होती. बंडू, माझा धाकटा मुलगा, तिला ओढायला धावला होता. त्याचा एक हात तिच्या दंडाला आणि दुसरा लोखंडी टेबलावर. तोही तसाच राहिला. ओरडत नव्हता. दात आवळलेले होते आणि घशातून आवाज येत होता, जात्यात खडा अडकल्यासारखा. घरातली लाईट बंद होती आणि तरी लाईटनंच त्यांना धरलं होतं. हे कसं, ते मला कळेना.

तेवढ्यात तायडे, या खोलीचा भाडेकरू, दारात आला. चिखलीच्या जीपमधून उतरून सरळ आला असावा, बॅग खांद्यालाच होती. मी आत घुसत होते. त्यानं बॅगेनं माझ्या छातीत असा धक्का दिला की मी ओट्यावर उताणी पडले. शेजारच्या घरातून एक बाई किंचाळली, तिच्या गोठ्यात काहीतरी जड कोसळलं. तायडेनं तिकडे कान दिला, खोलीत एक नजर टाकली आणि पाठ फिरवली. आत गेला नाही. वर्षाचं नाव घेतलं नाही. आणि पळालाही नाही. चालत गेला, रबरी चपला फटफट वाजवत.

गावात आजही कोणी म्हणतो तायडे पळाला, कोणी म्हणतो त्यानं उशीर केला. असं बोलणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा माझ्या ओट्यावर नव्हता. मी होते. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. तो माणूस कसा होता ते मी सांगते.

तायडे मूळचा चिखलीचा. तिथं कुठल्याशा क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. मग आमच्या गावात ऑनलाइनचं दुकान काढायचं त्याच्या डोक्यात आलं आणि माझी रस्त्याकडची खोली त्यानं भाड्यानं घेतली. सातबारा, दाखले, पीकविमा, कॉलेजचे फॉर्म. मोठा मुलगा पुण्याला कंपनीत, सून शिकलेली आणि घरात बसून, म्हणून वर्षाला त्यानं मशीनवर बसवलं. तायडे बौद्ध. त्याला खोली दिली तेव्हा गल्लीतल्या दोघींनी नाकं मुरडली, ती कशासाठी ते मला ठाऊक होतं. मी त्यांना विचारायला गेले नव्हते आणि त्यांचं ऐकायलाही गेले नाही. माझं त्याच्याशी भांडण झालं ते चपलांवरून.

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नाही. तालुक्याला जा, शाळेत जा, दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. मशीनला धूळ लागू नये म्हणतात, पण माणसं चपला काढतात ती देवळात काढावी तशी. तायडेचं उलटं. पहिल्याच दिवशी तो चपलांसकट आत गेला आणि लोकांनाही सांगायला लागला, "चप्पल घालून या हो, चप्पल घालून या."

मी म्हणाले, "ही खोली मी शेणानं सारवत होते, फरशी तर आत्ता बसवली. अन् तू चपला आणतो?"

"मावशी, मले ओट्यावर बसवा, उन्हात बसवा. पण मशीनपाशी अनवाणी बसवू नका."

"काऊन? पायाले काय झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून."

शेवटी तोड निघाली. आतल्या चपला वेगळ्या. निळ्या रबरी, पांढऱ्या पट्ट्यांच्या. रोज सकाळी माझ्यासमोर तो त्या धुवायचा, त्यांचे तळ मला दाखवायचा आणि मग घालायचा. लोक हसायचे आणि आपल्या चपला दाराबाहेरच काढायचे. वर्षा तो असेपर्यंत पायात घालायची, तो गेला की काढून ठेवायची. सवय.

तो भित्रा होता. आडून सांगत नाही, भित्राच होता. एसटी पुरती थांबल्याशिवाय चढायचा नाही, त्यामुळे कितीदा एसटी त्याला सोडून गेली. विहिरीच्या काठाकडे जायचा नाही. बोरं दाताखाली घ्यायच्या आधी चिरून आत अळी बघायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायला खिळा ठोकायचा होता तर आधी खिशातला टेस्टर काढून सगळी भिंत चाचपली, आतून वायर गेली असेल म्हणून. वैशाखातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या.

आणि कशालाही हात लावायचा तो उलटा. तळव्याला लाईटनं धरलं तर मूठ मिटते आणि सुटत नाही, उलटा हात झटकला जातो, असं म्हणायचा. मशीन, दाराची कडी, फ्रिज, सगळ्याला आधी बोटांच्या पाठी. सवय इतकी की चहाच्या कपालाही तेच. मी म्हणायचे, "चहा हाय बापा, चावत नाही." शेळी जवळ आली तर तिलाही उलट्या हातानंच थोपटायचा. शेळी त्याच्याकडे बघत राहायची.

एकदा विचारलं, "तू एवढा भेतो काऊन रे?"

म्हणाला, "मावशी, न भ्यायचं कारण सांगा, नाही भेणार."



बंडू त्याच्या अगदी उलटा. गावातलं सगळं लाईटचं काम बंडूकडे. कागद नव्हता त्याच्याकडे, शिकला होता बघून बघून. अनवाणी खांबावर चढायचा, वायर दातानं सोलायचा. झटका बसला की हसायचा. "करंट मले वळखते," म्हणायचा. लग्नाचा मांडव असो की कुणाची मोटर जळलेली असो, जेवणावरून उठून जायचा. साऱ्या गावाचा लाडका होता. माझाही होता.

होळीच्या सुमारास कॉम्प्युटर बंद पडायला लागला. अर्धा फॉर्म भरून झाला की पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी अक्षरं, मग अंधार, मग आपोआप पहिल्यापासून सुरू. कधी दिवसातून एकदा, कधी तासात तीनदा. वर्षा भरलेलं पुन्हा भरायची. लोक ओट्यावर ताटकळायचे. एक म्हातारा पेन्शनचा दाखला काढायला आला होता, तो मला हळूच विचारतो, "बाई, माह्यं नाव गिळलं का वं त्यानं?"

तायडेनं निदान केलं ते एका दमात. "व्हायरस. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आला."

आणि मग त्याच्या भित्रेपणाला उधाण आलं. दाराशी त्यानं पत्र्याचा डबा ठेवला. ज्याला काही छापायचं असेल त्यानं पेन ड्राइव्ह डब्यात टाकायचा, तायडे तो चिमटीनं उचलणार, औषधाचा प्रोग्राम चालवणार, मग वापरणार. एका नवरदेवाचा लग्नाचा व्हिडिओ त्यानं संशयावरून पुसून टाकला. नवरदेव मारायला उठला, बंडूनं सोडवलं. एवढं करून तायडे दर वेळी साबणानं हात धुवायचा.

समोरच्या पिठाच्या गिरणीचा मालक शेषराव हे बघत बसायचा. त्यानं एकदा विचारलं, "तायडे, हा व्हायरस म्हशीले होते का बे?"

"नाही हो काका, मशीनलेच होते."

"मंग तू काऊन हात धुऊन राह्यला?"

गल्ली आठ दिवस हसली. तायडेला राग आला नाही. हात धुवायचंही सोडलं नाही.

व्हायरस सगळ्यांना पटला. बाहेरून आलेला, कोणी आणला ते सांगता येत नाही, त्यामुळे गावातल्या कोणावर बोट नाही. बंडूला तर फार पटला. घरातलं वायरिंग त्याचं होतं.

मग तायडेनं मशीन कोरं केलं. सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. वर्षानं जपून ठेवलेलं कितीतरी त्यात गेलं, ती त्याच्याशी धड बोलेना. पण मशीन चालायला लागलं. सात-आठ दिवस एकदाही बंद पडलं नाही. तायडे छाती काढून फिरला. त्याच दिवसांत शेषरावची गिरणी पट्टा तुटला म्हणून बंद होती. या दोन गोष्टी तेव्हा कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

गिरणी सुरू झाली आणि पडदा पुन्हा निळा झाला.

आता तायडे म्हणाला, मशीनचा एखादा अवयव मरत असेल. जुनी चादर अंथरून त्यानं डबा उघडला. आत कापसाच्या पेळूसारखी धूळ आणि पालीची दोन अंडी. अंडी बघून तो इतक्या जोरात मागं सरला की खुर्ची पडली. सायकलच्या पंपानं धूळ उडवली. आतली एक हिरवी पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरनं घासले. बंडू बाजूला बसून म्हणतो, "तायडे भाऊ, मशीनचे दात घासून राह्यले, आता जेवाले वाढा त्याले." मग करंटचा आतला डबाच नवा आणून बसवला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला आवडलं. भांडला नाही, डोकं धरून बसला नाही. मशीन गोधडीत गुंडाळलं, जीपमध्ये मांडीवर घेतलं आणि चिखलीला आपल्या घरी नेलं. तिथं आठवडाभर रात्रंदिवस चालू ठेवलं. तेच मशीन, तेच भरलेलं सगळं. तिथं एकदाही बंद पडलं नाही. परत आणून माझ्या खोलीत लावलं, दुपारच्या आत निळं.

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "व्हायरस असता तर चिखलीले काय उपास धरून बसला होता? अन् अवयव मेला असता तर तथी काऊन चालला? मी चुकलो मावशी. मशीन बिमार नाही. घर बिमार हाये."

"माह्या घराले नावं ठेवतो?"

"ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून तो कॉम्प्युटरकडे बघेनाच. खुर्ची उलटी करून बसायचा आणि छतातल्या बल्बकडे बघायचा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. एका दुपारी मी गहू निवडत तिथंच बसले होते. समोर गिरणी सुरू झाली, घरघर ऐकू आली, आणि बल्ब वाढला. पिवळा होता तो पांढरा झाला. मी म्हणाले, "पाह्य, कशी झकास लाईट आली."

तायडेचं तोंड उतरलं होतं. पडदा निळा झाला, तिकडे त्यानं मान वळवली नाही.

"मावशी, एवढी मोठी गिरणी चालू झाल्यावर बल्ब मंद व्हायले पाह्यजे. हा वाढून राह्यला. उजेड वाढला की भ्यायचं."

मग त्यानं मला समजेल असं सांगितलं. लाईट एका तारेनं घरात येते आणि दुसरीनं परत जाते. परत जायची तार डीपीपाशी, म्हणजे गिरणीजवळच्या त्या ट्रान्सफॉर्मरपाशी, ढिली झाली असावी. म्हणून गिरणी ओढते तेव्हा आमच्याकडे दाब वाढतो, आणि मशीन ते सहन न होऊन बंद पडतं. "मशीन सांगून राह्यलं मावशी, अन् आपण त्याले औषध देऊन राह्यलो. ती तार पूरी सुटली ना, तर लाईट वापस जायचा रस्ता घराघरात शोधन. ज्याच्या पायाखाली ओलं, त्याच्यातून जाईन."

त्या दिवसापासून मला माझ्या घराची भीती वाटायला लागली. भाकरी थापताना मी बल्बकडे बघायचे. गिरणी सुरू झाली की माझा हात परातीतच थांबायचा. बल्ब पांढरा व्हायचा, पुन्हा पिवळा व्हायचा, आणि मग मी पुन्हा भाकरी थापायचे. आधी ज्या गोष्टी मी बघत नव्हते त्या दिसायला लागल्या. फ्रिज उघडताना आम्ही सगळ्या बायका हँडलला पदर गुंडाळतो. का? तो थोडा मारतो म्हणून. शेजारणीचा कूलर मारतो, ती पोरांना सांगते लांबून जा. वर्षा म्हणायची, "आत्याबाई, डब्याले हात लागला की मुंग्या येतात. सगळ्याच कॉम्प्युटरले येतात म्हणे." कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. लाईट आहे, थोडी मारणारच, असंच साऱ्या गावाचं म्हणणं.

तायडेनं वीज कार्यालयात सांगितलं. माणूस येईल म्हणाले. आला एक जण, खालून खांबाकडे बघितलं, चहा घेतला, गेला.

मग तायडेनं भिंतीतला बोर्ड उघडला आणि बंडूला हाक मारली. मी दारातच होते.

"हे काय हाय बंडू?"

"काय हाय?"

"तीन पिनचं हे जाडं भोक, अर्थिंगचं. हे तू वापसीच्या तारेले जोडलं."

"मंग? समद्या गावात असंच हाय. अर्थिंगले खड्डा लागते, कोळसा लागते, मीठ लागते, अन् रोज पाणी लागते. इथं माणसाले प्यायले टँकर येते तायडे भाऊ, जमिनीले कोण पाजन?"

"ती तार सुटली तर मशीनचा डबा जिता होईन. फ्रिज जिता होईन."

"अन् तुम्ही?" बंडू हसला. "तुम्ही तर जितेपणीच मेले भेऊ भेऊ."

"हो, मी भेतो. तू खड्डा खंद."

बंडूनं खड्डा खणला. हसत हसत, पण खणला. मागच्या भिंतीशी कंबरभर खड्डा, त्यात कोळसा, मीठ आणि एक लोखंडी पट्टी. तायडेनं कॉम्प्युटरची पिन काढून खिळ्याला टांगून ठेवली आणि वर्षाला बजावलं, खड्ड्याची तार नीट जोडेपर्यंत लावायची नाही. टेबलाखाली लाकडी पाट ठेवला. "वर्षाताई, पाय पाटावर." भांडी विसळलेलं पाणी मी खड्ड्यात टाकू लागले. शेषराव म्हणायचा, "जमिनीले चहा पण पाजा." तायडे चिखलीहून येताना पाण्याची बाटली आणायचा आणि उरलेलं घोटभर खड्ड्यात ओतायचा.

त्या आठवड्यात टँकर आला नाही. भांडी आम्ही राखेनं घासून फडक्यानं पुसली. खड्डा तडकला. खोलीच्या कोपऱ्यात मात्र लोकांसाठी ठेवलेला माठ होता, तो पाझरायचा, त्याच्याखालून फरशीवर ओल पसरलेली असायची, टेबलापर्यंत.

तायडे खड्ड्याच्या तारेसाठी क्लिपा आणायला चिखलीला गेला होता. सकाळी गल्लीतली एक मुलगी रडत आली, नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. बंडू म्हणाला, "थांब, मी जोडून देतो." खड्ड्याची तार त्यानं बोर्डात आणली आणि हाताशी होत्या त्या स्क्रूंनी आवळली. वापसीच्या तारेशी असलेला जुना जोड काढला नाही. मी विचारलं, तो काढायचा होता ना? "राहू दे माय. एकापेक्षा दोन आधार बरे." वर्षाला म्हणाला, "वहिनी, लावा पिन."

फॉर्म भरून झाला. मुलगी गेली. मशीन बंद पडलं नाही, बंडू तायडेची नक्कल करत उलट्या हातानं टेबल थोपटत होता, वर्षा हसत होती. समोर गिरणी सुरू झाली.

बल्ब पांढरा झाला. नेहमी तिथंच थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. निळसर झाला आणि फुटला. वर्षा दचकून डब्याचं बटण दाबायला वाकली.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

मेन पाडून उपयोग का झाला नाही ते मला नंतर कळलं. मेननं येणारी तार तुटते. परत जाणारी तशीच जोडलेली राहते, आणि त्या दिवशी डीपीपाशी सुटलेल्या त्या तारेत सगळ्या गल्लीची लाईट तुंबली होती. ती जुन्या जोडातून माझ्या खोलीत उतरली. शेजारणीच्या गोठ्यात म्हैस लोखंडी गव्हाणीला तोंड लावून होती, ती जागच्या जागी मेली. तायडेनं ते कोसळणं ऐकलं आणि त्याला समजलं, हे एका घराचं नाही. माझ्या घरात कुठल्याही वायरीला हात घालून हे थांबणार नाही.

मी ओट्यावर पडले होते तिथून डीपी समोर दिसते. मी सगळं पाहिलं. शेषराव त्याच्या आधी धावत पोचला होता आणि साऱ्या गल्लीची लाईट तोडायच्या लोखंडी हँडलला हात घालणार होता, उघडा, घामानं ओला हात. तायडेनं त्याची बंडी मागून धरून त्याला धुळीत आपटलं. लोक जमले होते, ओरडत होते.

"वढ ना बे! मरून राह्यले ते!"

"काय पाहून राह्यला भाड्या?"

तायडे गिरणीच्या दारातल्या रिकाम्या पोत्यांकडे गेला. एक उचललं. त्यावर हाताची पाठ ठेवली. ओलं होतं बहुतेक, त्यानं ते टाकून दिलं. दुसरं उचललं. पुन्हा हाताची पाठ. मी त्याला ओट्यावरून शिव्या देत होते. ज्या कधी तोंडात आल्या नव्हत्या त्या दिल्या.  त्यानं पोत्याची घडी घातली, एक घडी, मग दुसरी. गिरणीच्या उंबऱ्याजवळची लाकडी फळी पायानं सरकवत हँडलखाली आणली. चपलांसकट तिच्यावर उभा राहिला. पोतं हँडलवर टाकलं, डोळे मिटले आणि ओढलं.

माझ्या मागे खोलीत दोघं पडल्याचा आवाज झाला.

त्यांना जीपमध्ये घालून चिखलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, सुनेचे पाय कशावर होते? मी म्हणाले, पाटावर. बंडूचे फरशीवर होते.

नंतर माणसं आली, डीपी उघडली. परत जाणाऱ्या तारेचा जोड कोळशासारखा काळा झाला होता आणि डीपीखालचा अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. ते दुरुस्त करून गेले. आता गिरणी सुरू झाली की बल्ब जरा मंद होतो. मी अजून बघते.

बंडूचं सगळं आटोपल्यावर तायडे मशीन न्यायला आला. दारापाशी उभा राहिला आणि त्यानं चपला काढल्या. माझ्या घरी येत होता तेव्हापासून मी त्याचे पाय असे अनवाणी जमिनीवर टेकलेले कधी पाहिले नव्हते. पांढुरके होते, पट्ट्यांच्या खुणांचे. तो तसाच उंबऱ्याबाहेर उभा, खाली बघत.

मी म्हणाले, "घाल त्या."

"आज नको मावशी."

"घाल म्हणते ना. घालून आत ये."

त्यानं घातल्या, आत आला. बसायच्या आधी खुर्चीच्या पाठीला उलटा हात लावला, प्लास्टिकच्या. वर्षाकडे बघून विचारलं, "हात कसा हाय?" तिनं बांधलेला हात थोडा वर केला.  मग तो म्हणाला, "म्या उशीर केला का?"

"केला," मी म्हणाले. "पहिलं पोतं घेतलं असतं तर लवकर झालं असतं."

त्यानं मान हलवली.

"अन् मग आणखी एक मढं उचला लागलं असतं," मी म्हणाले. "चहा घेतो का?"

त्यानं घेतला. कपाला आधी बोटांची पाठ लावली.

मशीन गोधडीत गुंडाळून त्यानं ओट्यावर ठेवलं आणि मागच्या भिंतीकडे गेला. बाटलीतलं पाणी खड्ड्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, बाटली उलटी करून झटकली. जीप आली, तिच्यात जागा धरायला दोघंतिघं ती चालती असतानाच लटकले. तायडे मशीन पोटाशी धरून उभा राहिला. जीप पुरती थांबल्यावर चढला. त्यानंतर तो आमच्या गावात आला नाही.

बंडू गेला. वर्षा जगली, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. शेषराव जगला. तायडे जगला. मी जगले.